परसातली करवंदी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नांदगावच्या तिठ्यावर, जिथून देवगडकडे जाणारा रस्ता फुटतो तिथे, मी एसटीची वाट पाहत उभा होतो. शेजारी माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्या हातात जांभळ्या रंगाचे आइसक्रीम होते. मला म्हणाला, "सर, हे ब्लॅककरंट. याचं झाड आपल्या परड्यात होईल का हो? रोपं मिळतात म्हणे घरपोच."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण प्रश्न विचारला गेला की उत्तर शोधणे हा मास्तराचा धर्म. आणि मौज अशी, की उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. आम्ही उभे होतो तिथून दहा पावलांवर एक म्हातारी पानांच्या द्रोणांतून करवंदे विकत बसली होती. त्या द्रोणातच उत्तर होते.

प्रथम ब्लॅककरंटपुरते सांगून टाकतो. हे झुडूप थंड मुलखातले, युरोपच्या आणि आशियाच्या उत्तर भागातले. त्याचे शास्त्रीय नाव रायबीस नायग्रम. हिवाळ्यात त्याची पाने झडतात आणि ते जणू झोपी जाते. या झोपेतून नीट जागे होऊन फुलायला त्याला साधारण आठशे ते दीड हजार तास कडक थंडी, म्हणजे सात अंशांच्या आसपासची किंवा त्याखालची, मिळावी लागते. आता आपल्या सिंधुदुर्गात सात अंश थंडी कधी कुणी पाहिली आहे? पौषातल्या पहाटे पारा पंधरा-सोळावर आला तरी आपण शेकोटी पेटवतो. म्हणजे त्या झाडाची झोपच पुरी व्हायची नाही. वर आपला पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या घरातला, आणि एप्रिल-मेचा दमट उकाडा. रोप आणाल, ते चार महिने हिरवे दिसेल, आणि मग तुमच्या पैशांसह मातीत जाईल. तेव्हा तो नाद नको.

पण इंग्रजीत 'करंट' हा शब्द मोठा फसवा आहे, हे इथेच सांगायला हवे. मुळात तो ग्रीस देशातल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून आला. तिकडून येणाऱ्या बारीक, काळ्या, वाळवलेल्या द्राक्षांना ते नाव पडले. पुढे उत्तरेकडच्या या झुडपांची बारीक फळे तशीच दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव चिकटले. आणि इंग्रज हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी आपल्या करवंदाला काय म्हणावे? 'बेंगॉल करंट'! म्हणजे माझा विद्यार्थी जे झाड घरपोच मागवायला निघाला होता, त्याचे मानलेले भावंड त्याच्या घरामागच्या सड्यावर फुकट वाढत होते. दोघांचे कूळ वेगळे, पण मान तोच.

करवंद हे या भूमीतले जुने रहिवासी. संस्कृतात त्याला करमर्द म्हणतात. आपले करवंद त्यावरूनच आले. अमरकोशात त्याचे एक सुंदर नाव आहे – कृष्णपाकफल. पिकल्यावर काळे होणारे फळ ते कृष्णपाकफल. गोव्यात त्याला 'कांटां' म्हणतात, म्हणजे त्यांनी फळापेक्षा काट्याची आठवण ठेवली. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात वेलदोड्याच्या जोडीने 'करांदास' या फळाची चर्चा आहे. पुढे १७६७ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या झुडपाला 'कॅरिसा करांदास' असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा आपलाच देशी शब्द त्याने त्यात ठेवला.

याचे कुटुंबही ओळखून असावे. करवंद हे कण्हेरीच्या कुळातले. सदाफुली, सातवीण, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, ही सगळी याची भावकी. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो तो या कुळाचा गुण. या भावकीत बहुतेक मंडळी विषारी आहेत. बिट्टीचे फळ तर मुलांच्या तोंडात जाता कामा नये. करवंद मात्र त्या घराण्यातले सज्जन निघाले. तेव्हा मुलांना करवंद ओळखायला शिकवताना बिट्टीही दाखवून ठेवावी. ओळख दोन्हींची हवी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. करवंद रानात होते, तर ते परसात कशाला लावायचे? हा प्रश्न पूर्वी मलाही पडला होता, आणि त्याचे चुकीचे उत्तर मी एकदा देऊन बसलो आहे. ते सांगतो.

आमच्या घरामागे, परडे जिथे उताराला लागते तिथे, आजोबांच्या वेळची करवंदीची वई होती. छातीइतकी उंच, इतकी दाट की कोंबडीचे पिलूसुद्धा आरपार जाईना. २०११ साली आम्ही घर दुरुस्त केले. नवे घर, तर नवी भिंत हवी, असे मला वाटले. वई काढायला माणसे लावली. शेजारच्या काकी गडग्यावरून म्हणाल्या, "सर, ती कित्याक काढतास? ती तुमची राखण करता." मी हसलो. चिऱ्यांची भिंत उभी राहिली. तीन पावसाळे ती छान दिसली. २०१४ च्या जुलैत एका रात्री मुसळधार पाऊस लागला आणि सकाळी पाहतो तो भिंतीचा वीस-पंचवीस फुटांचा तुकडा खालच्या कुणग्यात आडवा. कारण उघड होते. वरच्या उतारावरून येणारे पाणी पूर्वी वईतून झिरपत जाई. माती तेवढी मुळांशी अडून राही. मी त्या पाण्याची वाटच बंद केली होती. भिंतीला पाणी जायला भोके ठेवावीत हे गवंड्याला सुचले नाही, आणि मला तर नाहीच नाही. पाणी पाठीशी साचले आणि त्याने आपली वाट करून घेतली.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. आईला मे महिन्यात करवंदाचे लोणचे लागे. वई गेल्यावर आम्ही सड्यावरून करवंदे आणू लागलो. तिथे एक जाळी आमच्या ओळखीची होती. मोठे फळ, चीक कमी, पिकल्यावर साखरेसारखे. माझ्या लहानपणापासून आम्ही तिला 'गोडी जाळी' म्हणत असू. भिंत पडली त्या वर्षीच्या मे महिन्यात मी पिशवी घेऊन गेलो, तर जाळीच्या जागी चिऱ्यांची खाण. पंधरा-वीस फूट खोल चौकोनी खड्डा, आणि कडेला रचलेले चिरे. जमीन ज्याची त्याची. त्याने काय करावे हे सांगणारा मी कोण? आणि माझ्या भिंतीचे चिरे तरी कुठून आले होते? कुठल्या तरी अशाच सड्यावरून. पण ती जाळी पुन्हा मिळायची नाही, एवढे मात्र खरे. तिचे एखादे कलम जरी मी बांधून ठेवले असते तर ती आज माझ्या परसात असती.

ही केवळ माझी हळहळ नव्हे. करवंदाची रोपे बियांपासून होतात, आणि प्रत्येक बीचे झाड आईसारखे निघतेच असे नाही. एकीची फळे गोड तर दुसरीची आंबटढाण. म्हणून चांगली जाळी ही एकुलती एक असते. सड्यांवर कुठे खाणी निघाल्या, कुठे सगळे रान साफ करून काजूची कलमे लागली. काजूने घरात पैसा आणला, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण रान साफ करताना बरे-वाईट सगळेच एकदम जाते. तेव्हा रानातली निवडक करवंदी घराशी आणून लावणे हाच तिला जपण्याचा सोपा मार्ग. तो कसा, ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम मे महिन्यातले. सड्यावर करवंदे खाताना नुसती खाऊ नका, परीक्षा करा. फळ मोठे आहे का, चीक कमी आहे का, झाड भरभरून लागले आहे का, हे पाहा. आवडलेल्या जाळीला एक रंगीत चिंधी बांधून ठेवा. पावसाळ्यात सगळे रान हिरवे झाले की खुणेवाचून जाळी ओळखता येत नाही.

दुसरे काम जून-जुलैतले. त्या जाळीवर गुटी बांधायची. पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची फांदी निवडा. बोटाच्या पेराएवढ्या लांबीची साल गोल काढा. चीक येईल, तो फडक्याने पुसा आणि सुकू द्या. मग ओले शेवाळ भोवती लपेटून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधा. मुळे फुटण्याचे संजीवक मिळाले तर सालीच्या वरच्या कडेला लावावे; यश वाढते. दीड-दोन महिन्यांत कागदाआडून पांढरी मुळे दिसू लागतात. घाई करू नका. मुळे पिवळसर, जून होऊ द्या. मग गुटीखाली फांदी कापून पिशवीत लावा आणि पुढल्या पावसाळ्यापर्यंत सावलीत सांभाळा. दहांतल्या दोन-चार गुट्या वाया जातातच, म्हणून गरजेपेक्षा जास्त बांधाव्यात.

नुसती वईच करायची असेल तर बियांचे रोपही चालते, आणि ते स्वस्त पडते. पूर्ण पिकलेल्या फळांतल्या चपट्या बिया काढून धुवाव्यात आणि लगोलग पेराव्यात. हे 'लगोलग' महत्त्वाचे. करवंदाचे बी ठेवून ठेवून फुकट जाते. पुढल्या वर्षी पेरू म्हणून डब्यात ठेवलेत तर डबाच हाती राहील. ताजे बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. रोप वर्षाचे झाले की पहिल्या पावसात जागेवर लावावे. बियांच्या रोपाला फळ यायला लावणीपासून तीन-चार वर्षे लागतात; गुटी त्यामानाने लवकर फळते. तयार कलमे हवी असतील त्यांच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे.

जागा कशी हवी? ऊन भरपूर आणि पाणी न साचणारी, एवढ्याच दोन अटी. कातळ चालतो, मुरूम चालतो, चिऱ्याची तांबडी माती चालते. जिथे दुसरे काही होत नाही तिथे करवंद होते. फक्त पावसात पाणी तुंबते अशा सखल जागी लावू नका, मुळे कुजतात. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि माती भरा. वईसाठी दोन रोपांत दोन फूट अंतर पुरे. म्हणजे शंभर फुटांच्या हद्दीला पन्नास रोपे. फळासाठीच एखाददुसरे झाड लावायचे असेल तर त्याला चारी बाजूंनी आठ-दहा फूट मोकळे द्या. अंगण, पाऊलवाट आणि विहीर यांच्यापासून मात्र चार हात दूर. याचा काटा दुहेरी आणि टणक असतो. पायात मोडला की सुईने काढता काढता डोळ्यांत पाणी येते.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक-दोन तांबे पाणी घाला. तिसऱ्या वर्षापासून ते तुमच्याकडे काही मागत नाही. दर जूनला बुंध्याशी टोपलीभर शेणखत टाकलेत तर ते उपकार मानील.

छाटणीत मात्र बहुतेक लोक चुकतात. वई म्हटली की दिवाळीत कोयती घेऊन ती सारखी करायची, अशी आपली पद्धत. पण करवंदाची फुले फांदीच्या शेंड्याशी येतात. साधारण जानेवारी ते मार्चमध्ये जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले लागतात. एप्रिल-मेमध्ये फळे पिकतात. दिवाळीनंतर शेंडे कापलेत तर तुम्ही फुलेच कापलीत. म्हणून छाटणी करायची ती फळे उतरल्यावर लगेच, पहिल्या पावसाच्या आसपास. पुढे पावसाळाभर नवी फूट येते, तिच्यावर पुढच्या वर्षीचे फळ. रोप लहान असताना एकदा गुडघ्याएवढ्यावर शेंडा मारावा, म्हणजे ते बुडापासून फांद्या टाकते आणि वई खालपासून दाट होते.

तुम्ही विचाराल, माकडांचे काय? खरे सांगतो, माकडांना वई अडवत नाही. पण चिऱ्यांची भिंत तरी कुठे अडवते? गाई-म्हशी, मोकाट ढोरे मात्र करवंदीच्या वाटेला जात नाहीत. आणि दरवर्षी रानातून काटी तोडून आणून वई बांधायची जी मेहनत, ती कायमची वाचते.

फळाविषयी दोन शब्द. चांगल्या जाळीला मोसमात तीन ते पाच किलो करवंदे लागतात. कच्च्या करवंदांचे लोणचे घालताना ती चिरून मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवावीत. चीक निघून जातो. या फळात, विशेषतः ते अर्धकच्चे असताना, पेक्टिन भरपूर असते. पेक्टिन म्हणजे जेली गोठवणारा पदार्थ. म्हणून करवंदाची जेली वेगळी पावडर न घालता घरी होते. दोन भाग नुकती लाल झालेली आणि एक भाग पिकलेली करवंदे घ्या, चिरून बरोबरीच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे मंद शिजवा, आणि फडक्यातून रस गळू द्या. फडके पिळू नका; पिळलेत की जेली गढूळ होते. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर घालून आटवा. डाव तिरका केल्यावर रस थेंबाथेंबाने न पडता एकत्र होऊन पत्र्यासारखा सुटू लागला की उतरवा.

विलायतेत दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ पासून सरकारने लहान मुलांना ब्लॅककरंटचे सरबत पुरवले होते. 'क' जीवनसत्त्व मिळावे म्हणून. आपल्या करवंदातही ते आहे, लोहही आहे. पण आपण काय करतो? शहरातल्या केकवर आणि पानात जी लालभडक 'चेरी' दिसते, ती पुष्कळदा पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते. म्हणजे आपले करवंद आपणच परक्या नावाने विकत घेऊन खातो, आणि घरामागची जाळी तोडतो.

माझ्यापुरते सांगायचे तर मी भिंतीचा तो पडलेला तुकडा पुन्हा बांधला नाही. जुन्या वईचे एक खोड विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात चुकून राहिले होते. त्याच्याच बिया २०१५ च्या मे महिन्यात पेरल्या आणि पुढल्या जूनला रोपे तिथे लावली. २०२० च्या उन्हाळ्यात, कॉलेज बंद आणि सगळे घरात कोंडलेले असताना, पहिली फळे आली. ओंजळभरच. आईला डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते. मुलांनी तिच्या हातात एक करवंद दिले आणि विचारले, "आजी, कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. ती म्हणाली, "कोंबडो." आणि तोंडात टाकून, फोडून न दाखवताच, खाऊन टाकले. मुलांनी खूप आरडाओरडा केला. लोणचे दुसऱ्या वर्षी झाले.

आता वई कमरेच्या वर गेली आहे. आतमध्ये बुलबुलाने घरटे केले आहे. पलीकडच्या काकी मला काही बोलत नाहीत. जाता-येता वईकडे पाहतात एवढेच.

तिठ्यावरच्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: घरपोच रोपाचे पैसे राखून ठेव. त्यातले थोडे त्या म्हातारीला देऊन दोन द्रोण घे. सगळ्यांत गोड लागेल त्या करवंदाच्या बिया थुंकून टाकू नकोस. आज संध्याकाळीच पेर. आणि तिला विचार, ही जाळी कुठल्या सड्यावरची? तिला माहीत आहे. उद्या ती बसायची थांबली, तर ते कुणालाच माहीत नसेल.

वाचकहो, मे महिना दूर असेल तर आज चिंधी तेवढी शोधून ठेवा.